थोरल्याच्या फाइलमधला कागद

लोकांकडे हात पसरायची मला सवय नव्हती. बावीस वर्षं मी चाकणला एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात काम करते आहे. कंपन्यांत लागणारी पोरं माझ्या टेबलासमोर रांग लावतात आणि म्हणतात, मॅडम, गेटपास. मॅडम, दोन दिवसांची हजेरी कमी लागलीय. मी मान वर न करता उत्तरं देते. पन्नाशी उलटल्यावर मीच दारोदार फिरायला लागले, तेव्हा लोक मान वर न करता मला उत्तरं द्यायला लागले.

मागणं एकच होतं. एका धर्मादाय दवाखान्याकडे मोठी गाडी आहे. तिच्यात ईसीजीचं आणि इकोचं यंत्र आहे, दोन पलंग आहेत, बरोबर एक डॉक्टर असतो. दिवसाचा खर्च कोणी उचलला तर ती गाडी कंपनीच्या गेटवर, कॉलेजच्या मैदानावर, म्हणाल तिथे उभी राहते आणि तरुण पोरांची हृदयं तपासून देते. ती मला महाळुंग्याच्या एका गेटवर आणायची होती. सगळ्या पोरांसाठी, असं मी सांगायचे. खरं म्हणजे मला एकाच पोराची छाती त्या यंत्राखाली आणायची होती.

ते पोरगं म्हणजे माझ्या भावाचा धाकटा. पण आधी थोरल्याबद्दल सांगायला हवं.

भाऊ गावाकडे, मराठवाड्यात. थोरला बारावी झाला तसा भावानं त्याला माझ्याकडे रहाटणीला पाठवून दिलं. फोनवर म्हणाला, "आक्का, तुझ्या हाताखाली कुठंतरी लाव त्याला." मी लावला. महाळुंग्याच्या एका कंपनीत, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये. मला मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला, त्यामुळे माझ्या घरात मोठ्यानं हसणारं ते एकच माणूस होतं. दोन वर्षं तो होता. मग कंपनीत सुरक्षा सप्ताह आला. सप्ताहाच्या शेवटी रस्सीखेच ठेवली होती, प्रेस शॉप विरुद्ध पेंट शॉप. हा सगळ्यात पुढे. दोर ताणला आणि हा खाली बसला, मग आडवा झाला. पाय घसरला असं वाटून दोन्हीकडची पोरं हसली. पलीकडच्यांनी दोर तसाच ओढला, आणि मुठी घट्ट असल्यामुळे हाही हातभर ओढला गेला. हे मला नंतर एकानं येऊन सांगितलं. कशाला सांगितलं कोण जाणे.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा स्नायू जाड होता. जन्माचंच असतं, वरून काही कळत नाही, पोरगं धावतं, खेळतं, आणि एक दिवस असं होतं. मग म्हणाले, सख्ख्या भावंडांत असू शकतं, घरातल्यांना तपासून घ्या.

धाकटा तेराव्याला माझ्यासमोर बसला होता. महिन्याभरात तो थोरल्याच्याच जागेवर लागला. आमच्या धंद्यात असं करतात. माणूस गेला की त्याची जागा घरच्याला विचारतात, आणि त्यालाच माणुसकी म्हणतात. मी स्वतः त्याचा गेटपास लिहिला. पोरगं त्याच प्रेसवर, तसंच जड काम करायला लागलं, आणि त्या दिवसापासून मला धड जेवण गेलं नाही.

गुरुवारी त्याला सुट्टी. तीनदा मी चिंचवडच्या दवाखान्यात गुरुवारची वेळ घेतली. पहिल्यांदा त्यानं ओव्हरटाइम लावून घेतला. दुसऱ्यांदा शिफ्ट बदलली म्हणाला. तिसऱ्यांदा मी हाताला धरून नेला, रांगेत बसवला, नंबरची चिठ्ठी घेऊन वळले तर खुर्ची रिकामी. घरी आला तेव्हा मी विचारलं, "भीती वाटते का रे?"

"कशाची भीती, आत्या. मला काही होत नाही."

"तोही असंच म्हणायचा."

पोरगं एरवी हट्टी नव्हे. पण या एका बाबतीत त्याचं तोंड असं मिटायचं की मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटायची. मला वाटायचं नोकरीची भीती असेल. तीही खोटी नव्हती. छातीत काही निघालं की कंत्राटी पोराचा पास बंद होतो. मी स्वतःच्या हातानं असे पास बंद केलेले आहेत. म्हणून गाडी. सगळ्या गेटचीच तपासणी असली की एकट्याला पळता येत नाही, आणि कागद कंपनीकडे न देता पोरांच्याच हातात द्यायचा, असं मी डॉक्टरांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं.

आता राहिला खर्च. मी आधी ज्या कंपन्यांत माझी पोरं राबतात तिथे गेले. एका साहेबानं पाणी विचारलं, सगळं ऐकलं आणि सांगितलं की यंदाचं सामाजिक कामाचं बजेट झाडांना गेलं. मी खिडकीतून पाहिलं, गेटजवळ ती झाडं होती, काठीला बांधलेली, निम्मी वाळलेली. दुसरा म्हणाला, हृदय कशाला, डोळ्यांचं ठेवा, चष्मे वाटता येतात, फोटो चांगले येतात. माझ्या स्वतःच्या मालकानं तर हात जोडले. "मॅडम, उद्या दहा पोरं आजारी निघाली तर माणसं मी कुठून देऊ?" इतकं खरं त्याच्याकडून मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी निवेदन टाकलं. अंगठे आले, जोडलेले हात आले, आणि त्यावर लगेच टाकीच्या पाण्याची चर्चा सुरू झाली. मंडळाची पोरं म्हणाली, काकू, गणपतीनंतर बघू.

प्रत्येक दारात मी थोरल्याचा फोटो काढायचे आणि तेच सांगायचे. एकदा, फक्त एकदा जरी कोणी याच्या छातीला तार लावली असती तर आज हा असता. त्याची कधी तपासणीच झाली नाही हो. हे सांगताना कुठे थांबलं की समोरच्या बाईचे डोळे भरतात ते मला कळायला लागलं होतं, आणि मी बरोबर तिथे थांबायचे. घरी येऊन चप्पल काढताना स्वतःची किळस यायची. तरी दुसऱ्या दिवशी परत तिथेच थांबायचे, कारण दर सकाळी धाकटा डबा घेऊन प्रेसवर जात होता.

शेवटी महाळुंग्याचे एक पुढारी धावून आले, तिकडे सगळे त्यांना भाऊ म्हणत. फ्लेक्सवर त्यांच्या नावापुढे 'भावी सदस्य' लिहिलेलं असे. कशाचे, ते लिहिलेलं नसे. त्यांचा वाढदिवस होता. म्हणाले, "ताई, आपल्या भागातली पोरं हायती, आमी न्हाई म्हणू का? फकस्त गाडीवर आपला फोटो पायजे." मी म्हटलं, दोन लावा. त्यांनी चार लावले. गाडी आली ती सगळीकडून भाऊच भाऊ, हृदय कुठे काढलंय ते शोधावं लागत होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी त्यांनी मला घोड्यावर बसायला सांगितलं असतं तरी मी बसले असते.

शिफ्ट सुटली तशी पोरं रांगेत लागली. मी बाहेर टेबल टाकून बसले होते. कार्ड बघायचं, नाव लिहायचं, कागद द्यायचा. आत पोरांना शर्ट काढावा लागतो म्हणून दाराला पडदा होता आणि मी पडद्यापलीकडे गेले नाही. धाकट्याला मी रांगेत पाहिलं. मित्रांच्या घोळक्यात उभा होता, मान खाली. टेबलाशी आला, मी त्याचं नाव लिहिलं, कागद त्याच्या हातात दिला. मग मागून पुढची पंधरा पोरं टेबलाभोवती जमली. तासाभरानं तो समोर आला आणि कागद टेबलावर ठेवला. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, खाली डॉक्टरांची सही.

मी तिथेच टेबलावर डोकं टेकवून रडले. मग भावाला फोन केला. घरी जाताना मी चिंचवडला उतरून पेढे घेतले.

संध्याकाळी धाकटा जेवायला बसला आणि मी तो कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालायला घेतला. कागद लावणं हीच माझी नोकरी आहे, त्यामुळे मी काहीही लावताना वरपासून खालपर्यंत नजर फिरवते. नाव, वय, उंची, वजन. वजन चौऱ्याहत्तर.

मी त्याच्याकडे पाहिलं. या पोराच्या पँटी मीच आणते. अठ्ठावीस कंबर, तीही पट्ट्यानं आवळावी लागते.

"वजन किती रे तुझं?"

"असेल पंचावन्न."

"कागदावर चौऱ्याहत्तर आहे."

त्यानं तोंडातला घास चावला, गिळला, पाणी प्यायला. "मित्र गेला माझा कागद घेऊन," तो म्हणाला. "मी गाडीमागे उभा होतो."

मग मी त्याला जे तोंडाला येईल ते बोलले. त्यासाठी मी कोणाकोणाच्या पायऱ्या झिजवल्या ते काढलं, बापाचं काढलं, गेलेल्या भावाचं काढलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हात धुऊन आला आणि पंच्याला पुसत म्हणाला, "दादाच्या वेळी तूही दुसऱ्यालाच पाठवलं होतंस ना?"

हेच ते, जे मी फोटो दाखवताना गाळत होते.

थोरल्याची तपासणी झाली होती. म्हणजे कागदावर झाली होती. प्रेस शॉपसाठी त्या कंपनीला ईसीजी लागतो; धाकटा थोरल्याच्या जागी बदली म्हणून लागला, त्यामुळे त्याचा कोणी मागितला नाही. तीस पोरांची बॅच टेम्पोनं डॉक्टरकडे जायची होती, आणि थोरला अजून गावाहून पोचला नव्हता. मावशीच्या घरचं लग्न होतं. बॅच चुकली की जागा गेली. आमच्या ऑफिसात अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे, आणि ते ठरवणाऱ्यांतली मी एक आहे. जे पोरगं आधी तपासून आलं होतं त्याला मी थोरल्याचा कागद दिला आणि म्हटलं, टोपी घाल आणि परत आत जा. तो गेला. कागद आला. फिट. अशी किती पोरं मी परत आत पाठवली असतील त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. कधीकधी तर तेवढंही करत नव्हतो, वजनं मी बसल्या जागी लिहायचे, पंचावन्न, अठ्ठावन्न, साठ. आम्हाला वाटायचं मेडिकल म्हणजे शिक्का. शिक्क्यासाठी पोराची नोकरी कशाला घालवायची.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"दादानंच. हसत सांगितलं होतं. म्हणाला, आत्यानं माझं हृदय भाड्यानं आणलं."

मी त्याचं ताट उचलून मोरीत ठेवलं. मग म्हटलं, "मग तर तू जायलाच पाहिजेस. माझ्यावर राग आहे ना, तो काढ, पण तपासून घे."

"राग नाही," तो म्हणाला. "आत्या, माझ्यात निघालं तर त्याचा अर्थ काय होतो? दादा त्या दिवशी स्वतः गेला असता तर त्याचंही दिसलं असतं, असाच ना? मग मी या घरात कसा राहू? तुझ्या हातचं कसं खाऊ? आणि गावाकडे अण्णांना काय सांगू? नाही कळलं तर आपण आहोत तसे राहू."

एकोणीस वर्षांचं पोरगं. मला वाटत होतं ते नोकरीला घाबरतंय. ते मला वाचवत होतं, आणि त्यासाठी स्वतःचा जीव मध्ये घालत होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी त्याला काय काय विनवलं ते आता आठवत नाही. तो हललाच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी 'सोडून गेलेले' असं लिहिलेला गठ्ठा काढला. त्यात थोरल्याची फाइल होती. ईसीजीचा कागद पिन मारून लावलेला, वर त्याचं नाव माझ्या अक्षरात. ओळ सरळ, उंचवटे एकसारखे. ज्याची ती होती ते पोरगं अजून चाकणलाच आहे, दिसलं की नमस्कार करतं. मला त्या पोराला काय दोष देता येणार होता. मी फाइल परत गठ्ठ्यात ठेवली. मग वाटलं, आता हे आपल्या दोघांच्या मध्ये राहिलं तर हा दुसराही जाईल; सगळ्यांसमोर उघड झालं तर त्याला माझ्यासाठी झाकायला काही उरणार नाही.

त्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मला बोलायला बोलावलं होतं. भावी सदस्यांचे फोटो पाहून सोसायटीला आपलीही गाडी हवी झाली होती. सेक्रेटरी म्हणाले होते, मुलाचे वडील आले तर परिणाम चांगला होईल. म्हणून भाऊ शनिवारीच गावाहून आला होता. धुतलेला सदरा घालून पहिल्या ओळीत बसला, मांडीवर थोरल्याचा फोटो. धाकटा मागे भिंतीला टेकून उभा होता.

मी भावाला आधी घरी सांगायला हवं होतं. शनिवारी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा चहा विचारला. ही माझी चूक आहे आणि ती मी कोणावर ढकलत नाही. हॉलमध्ये उभी राहिले, नेहमीसारखी सुरुवात केली, आणि त्या थांबायच्या जागेपर्यंत आले. समोर बायकांनी पदर, रुमाल तयार ठेवले होते. तिथे मी थांबले नाही. म्हटलं, याची तपासणी झाली नाही हे मी आतापर्यंत खोटं सांगत आले. झाली होती. याच्या जागी मी दुसऱ्याला पाठवलं होतं. मग टोपीपासून सगळं सांगितलं, भावाकडे न बघता, सेक्रेटरींच्या मागच्या भिंतीवरच्या योगासनांच्या तक्त्याकडे बघत.

सेक्रेटरी म्हणाले, "पाणी घ्या, मॅडम." भाऊ उठला. फोटो त्यानं खुर्चीवर ठेवला, जपून, उभा राहील असा, आणि चालायला लागला. दारात चपला पायात घालायला त्याला वेळ लागला. धाकटा त्याच्यामागे गेला. एक बाई जाता जाता मला म्हणाल्या, "असं चारचौघांत सांगायची काय गरज होती?" सोसायटीनं गाडीचं नाव पुढे काढलं नाही.

मी फोटो घेऊन घरी आले. भावाची पिशवी खुंटीवर नव्हती. धाकट्याचा एवढाच निरोप आला की अण्णा माझ्याबरोबर आहेत, मित्राच्या खोलीवर. मी एकटीच घरात बसून राहिले. भाऊ गेला, पोरगं गेलं, गाडीही गेली, आणि जी छाती तपासायची होती ती तशीच राहिली. मला खरोखर वाटलं की आता उठून काही करण्यात अर्थ नाही.

सोमवारी दुपारी ऑफिसात मोबाइल वाजला. धाकट्याचा फोटो. दवाखान्याच्या पलंगावर उघडा झोपलेला, छातीला तारा, मान मुद्दाम कॅमेऱ्याकडे वळवलेली. उशीवर एक जाड बोटांचा हात होता, तो भावाचा. खाली लिहिलं होतं, "मीच आहे."

तासाभरानं दुसरा मेसेज आला. "निघालं. थोडं जाड आहे. गोळ्या चालू केल्या. जड काम बंद."

समोर पोरांची रांग होती. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. पोरगं सापडलं होतं, वेळेवर सापडलं होतं. आणि थोरल्याचंही दिसलं असतं. मला हसायचं होतं की काय करायचं होतं ते मला कळलं नाही. बाहेर आले तेव्हा रांगेतली पोरं माझ्या तोंडाकडे बघून बाजूला झाली.

धाकट्याचा प्रेसचा पास मीच बंद केला. तो आता एका गोदामात बिलं बघतो आणि मित्रांबरोबर राहतो. गाडीसाठी मी अजून फिरते. सगळं खरं सांगते, त्यामुळे पूर्वीपेक्षा कमी मिळतं, पण वर्षातून एखाददोनदा गाडी येते. माझं टेबल आता पडद्याला लागूनच असतं, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचं मी आधी तोंड बघते, मग कार्ड.

भाऊ माझ्याशी बोलत नाही. एक शब्द नाही. गुरुवारी धाकटा माझ्याकडे जेवायला येतो, आणि जेवण झालं की गावाहून त्याचा फोन येतो. धाकटा मुद्दाम स्पीकर लावतो. मी ओट्याशी भांडी घासत असते.

"गोळी घेतली का?" भाऊ विचारतो.

"घेतली, अण्णा."

"तू सांगू नगंस. आक्कानं तिच्या डोळ्यानं बघितलं का, ते इचार."

धाकटा फोन माझ्या दिशेनं धरतो.

"बघितलं," मी म्हणते. तिकडून फोन बंद होतो.